रानातल्या नोंदी: कशा लिहाव्यात आणि कोणाच्या दफ्तरी रुजू कराव्यात

आंबेगाव व जुन्नर तालुक्यांतील वाचकांकडून, म्हणजे लोणी-धामणीकडील शिक्षकांकडून, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या तरुणांकडून आणि सुटीच्या दिवशी भीमाशंकरच्या रानात हिंडणाऱ्या हौशी मंडळींकडून, एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत वारंवार विचारला जातो: आम्ही रानात जे पाहतो, ज्याची छायाचित्रे घेतो, ज्याच्या याद्या करून ठेवतो, त्याचा त्या रानाला काही उपयोग होतो काय, आणि होत असल्यास ती माहिती आमच्या वहीतून निघून नेमकी कोणाच्या हाती जावी लागते?

उपयोग निश्चित होतो, परंतु दोन अटींवर. पहिली अट अशी की, नोंद दुसऱ्या माणसाला पडताळून पाहता आली पाहिजे. आणि दुसरी अशी की, ज्या दफ्तराचा विचार केल्यावाचून कायद्याने निर्णय करता येत नाही, अशा एखाद्या दफ्तरी ती रुजू झाली पाहिजे. आमच्या हौशी निरीक्षकांचे पहिल्या अटीकडे आताशा बरेच लक्ष असते. दुसरीकडे मात्र इतके दुर्लक्ष होते की, वर्षानुवर्षे जमविलेली उत्तम सामग्री भ्रमणध्वनीच्या पोटात पडून राहते आणि प्रसंग येतो तेव्हा गावाच्या हाती एकही कागद नसतो.

घरचेच उदाहरण

नोंदींच्या सामर्थ्याचा दाखला शोधण्यासाठी आपल्याला दूर जावयास नको. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर हे तालुके येतात, आणि या भागातील उसाच्या शेतांत वावरणारे बिबटे पकडून दूरच्या जंगलांत नेऊन सोडण्याचा उपाय २००१ च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर अवलंबिला गेला. उपाय वरकरणी सयुक्तिक होता. भीतीने ग्रासलेल्या गावाला पिंजऱ्यात अडकलेले जनावर दिसले की हायसे वाटणे स्वाभाविकच होते. परंतु डॉ. विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनी या विभागातील हल्ल्यांच्या नोंदी वर्षवार मांडल्या, तेव्हा असे दिसून आले की, १९९३ ते २००१ या काळात माणसांवरील हल्ल्यांची सरासरी वर्षाला ४ होती आणि स्थलांतराचा उपक्रम सुरू झाल्यानंतर, २००१ ते २००३ या काळात, ती १७ वर गेली. ही मांडणी करणारा त्यांचा निबंध २०११ साली प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने मानव-बिबट्या संघर्षाविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली त्यांत, सरसकट पकडून अन्यत्र सोडण्याच्या प्रथेविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली गेली. या मांडणीच्या मुळाशी कोणतेही महागडे यंत्र नव्हते. कोठे, कोणत्या दिवशी, कोणावर हल्ला झाला याचे साधे सरकारी कागद होते. ते कागद कोणी तरी वेळच्या वेळी भरले होते, म्हणूनच पुढे त्यांना प्रश्न विचारता आला.

स्वयंसेवकांच्या नोंदींचे दुसरे मोठे उदाहरण पक्ष्यांचे आहे. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीचा २०२३ चा अहवाल सुमारे ३०,००० पक्षीनिरीक्षकांनी दिलेल्या सुमारे ३ कोटी निरीक्षणांवर उभा आहे आणि त्यात ९४२ जातींचा विचार झाला आहे. दसऱ्याच्या दिवशी ज्याचे दर्शन शुभ मानीत, तो चाष अथवा नीलपंख पक्षी ३० टक्क्यांहून अधिक घटल्याचे त्यातून निष्पन्न झाले आणि त्याच्या जागतिक संवर्धन-दर्जाचा फेरविचार व्हावा अशी शिफारस करता आली. उलट मोराची संख्या वाढत असल्याचेही त्याच अहवालात दिसते. पेरणीच्या दिवसांत मोरांपुढे हात टेकणाऱ्या शेतकऱ्याला त्याचे फारसे नवल वाटणार नाही. चाष तारेवर बसलेला नित्य दिसतो म्हणून त्याची नोंद करण्याचे कोणाच्या मनात येत नाही. नित्य दिसणाऱ्याची गणती ज्यांनी कंटाळा न करता केली, त्यांच्यामुळेच त्याची घट लक्षात आली, हे ध्यानात ठेवावे.

आधी आपला प्रश्न निश्चित करा

“आमच्या परिसरातील जैवविविधता” हा विषय नोंदीसाठी फार मोठा आहे. आपण राहता तेथील भूमीच्या स्वभावाप्रमाणे एकच प्रश्न निवडा आणि निदान दोन वर्षे तोच धरून ठेवा.

लोणी आणि तिच्या आसपासचा पूर्वेकडील मुलूख पर्जन्यछायेचा, माळरानांचा आहे. येथे घनदाट अरण्य नाही म्हणून येथे नोंदण्याजोगे काही नाही, असा समज खुद्द गावकऱ्यांचाही असतो, आणि महसुली कागदांत जो माळ पडीक म्हणून लिहिलेला असतो त्यावर पहिली कुऱ्हाड पडते, ती या समजामुळेच. चंडोल, टिटव्या, तित्तर, खोकड, तरस, लांडगा ही सारी माळाची प्रजा आहे. तिला झाडी नको असते, मोकळे गवत हवे असते. आपल्या गायरानावर दरमहा ठरावीक वाटेने एक फेरी आणि तिची संपूर्ण यादी, एवढा उपक्रम एखादी माध्यमिक शाळा सहज चालवू शकते.

मधल्या बागायती पट्ट्यात प्रश्न अर्थातच बिबट्याचा. येथे पशुधनावरील हल्ले, ऊसतोडीच्या वेळी सापडलेली पिल्ले आणि रस्त्यावर वाहनाखाली मेलेली जनावरे यांच्या नोंदी सर्वाधिक मोलाच्या ठरतात.

पश्चिमेकडे, आहुपे, भीमाशंकर, नाणेघाट या बाजूस, देवराया, शेकरू आणि हिरडा हे तीन विषय आपली वाट पाहत आहेत. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली घोषित झाले, त्याचे क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर आहे आणि महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू ही त्याची ओळख आहे. देवरायांच्या अभ्यासाचा पाया डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वर्तक यांनी सह्याद्रीत पायी हिंडून घातला. त्यांचा देवरायांविषयीचा निबंध १९७६ सालचा आहे. आपल्या देवराईची हद्द आज कोठवर आहे, कोणते जुने वृक्ष उभे आहेत आणि कोणते पडले, एवढे जरी आपण लिहिलेत, तरी पन्नास वर्षांतील बदल मोजण्याची सोय होईल. हिरड्याचे महत्त्व तर मी सांगावयास नको. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या भागातील हिरड्याची हानी केली आणि भरपाईसाठी आदिवासी शेतकऱ्यांना पुढे दीर्घकाळ झगडावे लागले. कोणत्या रानात किती झाडे, कोणत्या महिन्यात बाळहिरडा धरतो, दरवर्षी किती उतारा पडतो, याची गावाने आधीपासून ठेवलेली नोंद अशा वेळी पंचनाम्याच्या शेजारी ठेवता येते.

नोंद लिहिण्याची रीत

प्रत्येक नोंदीत पुढील तपशील असावेत:

- दिनांक, आरंभाची व समाप्तीची वेळ, आणि चाललेले अंतर.
- गाव, शिवारातील स्थानिक नाव (ओढा, दरा, टेपाड, राई) आणि शक्य असल्यास भ्रमणध्वनीवरून घेतलेले अक्षांश-रेखांश.
- काय दिसले, किती दिसले, आणि ते दिसले की केवळ ऐकू आले.
- निरीक्षकांची नावे व संख्या. दोन डोळ्यांची फेरी आणि दहा डोळ्यांची फेरी यांची तुलना होत नाही.
- ओळखीविषयी शंका असल्यास तसा स्पष्ट शेरा.

यांहून महत्त्वाची असूनही बहुधा गळते ती “नाही” ही नोंद. आपण ठरलेल्या वाटेने तासभर हिंडलात आणि शेकरू दिसले नाही, तर ते तसेच लिहावे. केवळ दिसल्याच्याच नोंदी ठेवल्या तर पुढील अभ्यासकाला प्राणी घटला की निरीक्षक घरी बसला, हे कळण्याचा मार्ग उरत नाही. पक्ष्यांच्या बाबतीतही दुर्मिळ पाहुण्याच्या छायाचित्रापेक्षा पंधरा मिनिटांत दिसलेल्या-ऐकलेल्या सर्व पक्ष्यांची पूर्ण यादी अधिक उपयोगाची असते. कावळा, साळुंकी वगळू नयेत.

मोजणीत एक ढोबळ चूक सर्रास होते. एक शेकरू आपल्या क्षेत्रात अनेक घरटी बांधते, तेव्हा घरट्यांची संख्या ही शेकरांची संख्या नव्हे. घरटे कोणत्या झाडावर, किती उंचीवर, पाने हिरवी की वाळलेली, आणि शेजारच्या झाडांचे शेंडे परस्परांना भिडलेले आहेत की मध्ये खंड पडला आहे, हे लिहावे. शेकरू भुईवर उतरण्याचे शक्यतो टाळते, त्यामुळे शेवटचा तपशील तर तोडीच्या परवानगीच्या वेळी निर्णायक ठरू शकतो. बिबट्याचेही तसेच. एकाच रात्री तीन वस्त्यांवर दिसलेला बिबट्या एकच असू शकतो, आणि समाजमाध्यमांवर फिरणारे चित्र भलत्याच गावचे, भलत्याच वर्षाचे असू शकते. स्वतः पाहिलेले आणि कर्णोपकर्णी आलेले यांसाठी वहीत दोन निराळे रकाने ठेवा.

वैशाखातील बुद्धपौर्णिमेच्या रात्री अभयारण्यांतील पाणवठ्यांवर मचाणावरून जी प्रगणना होते, तिच्याविषयी पुष्कळजण विचारतात. अर्ज करून अवश्य जावे. रात्रभर गप्प बसण्याचे शिक्षण अन्यत्र मिळत नाही. मात्र तिच्या आकड्यांवरून संख्या वाढली वा घटली असा निष्कर्ष काढू नये. त्या आठवड्यात वळवाचा पाऊस पडून गेला असेल, तर प्राणी पाणवठ्यावर येतच नाहीत.

परवानगी कोठे लागते

गावरस्ता, स्वतःचे शेत, गायरान, तलावाचा काठ येथे निरीक्षण करण्यास कोणाची परवानगी लागत नाही; दुसऱ्याच्या खाजगी रानात मालकाची संमती घ्यावी. अभयारण्याची गोष्ट वेगळी आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ ने तेथील प्रवेशावर निर्बंध घातले आहेत, आणि कलम २८ अन्वये अभ्यास, छायाचित्रण, संशोधन व पर्यटन यांसाठी परवाना मिळू शकतो. अभयारण्याच्या हद्दीत राहणाऱ्यांना प्रवेशाचा हा निर्बंध नाही. बाहेरून येणाऱ्यांनी आधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करावी आणि उत्तर लेखी घ्यावे. “गार्डसाहेब ओळखीचे आहेत” ही परवानगी नव्हे.

निरीक्षण आणि संग्रह यांतील सीमारेषाही ओलांडू नये. प्राणी पकडणे तर दूरच, पक्ष्यांची वा सरपटणाऱ्यांची अंडी-घरटी विचलित करणेदेखील या अधिनियमात शिकारीच्या व्याख्येत येते. सांबराचे गळलेले शिंग शाळेच्या कपाटात ठेवण्यासाठी आणू नका. रानात मृत वन्यप्राणी आढळल्यास त्याला हात न लावता ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यास वा वन अधिकाऱ्यास इतल्ला द्यावी, आणि एवढी मुदत असली तरी त्याच दिवशी कळविणे श्रेयस्कर.

काय उघड करू नये

बिबट्याच्या पिल्लांची जागा, शिकारी पक्ष्याचे घरटे, दुर्मिळ औषधी वनस्पतीचा ताटवा आणि खवल्या मांजराचे कोणतेही चिन्ह यांचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये. ई-बर्ड व आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळांवर संकटग्रस्त जातींची ठिकाणे अंधूक करून दाखविण्याची सोय आहे; ती चालू आहे याची खात्री करा. ऊसतोडीत पिल्ले सापडली तर तोड थांबवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. पिल्ले जागच्या जागी ठेवून मादीला ती परत नेऊ देण्याचे काम जुन्नर विभागात अनेकदा यशस्वी झाले आहे, आणि ते बिघडते ते बहुधा छायाचित्रे घेणाऱ्यांच्या गर्दीने.

नोंद कोणाच्या दफ्तरी द्यावी

येथवरचे सारे जमले तरी या पायरीवर उपक्रम अडतात, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

*ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती.* जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ४१ प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेने अशी समिती नेमावयाची असून तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. समितीच्या हद्दीतील जैविक संसाधने आणि त्यांविषयीचे ज्ञान यांच्या वापरासंबंधी निर्णय घेताना राष्ट्रीय प्राधिकरणाने व राज्य मंडळाने तिचा सल्ला घेतला पाहिजे, असेही त्याच कलमात म्हटले आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिल्यामुळे देशभर या समित्या व नोंदवह्या घाईघाईने तयार झाल्या. तेव्हा आपण प्रथम ग्रामपंचायत कार्यालयात जाऊन आपल्या गावची नोंदवही पाहावयास मागावी. लोणीच्या माळावर न उगवणारी झाडे लोणीच्या वहीत आढळली, तर रागावू नका. दुरुस्तीचा लेखी प्रस्ताव आपल्या नोंदींसह द्या आणि त्याची पोच घ्या. नोंदवही वेळोवेळी अद्ययावत करावयाची असल्याने आपला प्रस्ताव समितीने विचारात घेणे उचितच आहे.

*ग्रामसभा.* पश्चिमेकडील अनुसूचित क्षेत्रातील गावांना हे दफ्तर सर्वांत बळकट. वनहक्क अधिनियम, २००६ च्या कलम ३ ने सामूहिक वनसंसाधनाचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा, तसेच जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावरील सामूहिक हक्क मान्य केला आहे, आणि कलम ५ ने वन्यजीव, वन व जैवविविधता यांचे रक्षण करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. दाव्याच्या पुराव्यांत वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले जबाब, पवित्र स्थळे, कंदमुळे, चारा व रानफळे गोळा करण्याच्या जागा यांना नियमांनीच स्थान दिले आहे. आपली देवराईची वही आणि हिरड्याचा तक्ता ही म्हणूनच निव्वळ निसर्गप्रेमाची साधने नाहीत. ग्रामसभेच्या ठरावाला जोडलेली ती पुराव्याची कागदपत्रे होत.

*वनविभाग.* हल्ला, मृत्यू, वणवा, अवैध तोड या बाबी वनरक्षक व वनपरिक्षेत्र अधिकारी यांच्याकडे तत्काळ व लेखी द्याव्यात. वार्षिक सारांश उपवनसंरक्षकांकडे पाठवावा.

*सार्वजनिक संचिका.* ई-बर्ड, आयनॅचरलिस्ट व २००८ पासून चालू असलेले इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल येथे नोंद केल्याने ती तज्ज्ञांकडून तपासली जाते आणि देशव्यापी अहवालांत पोहोचते. या संचिकांतील बहुतेक नोंदी शहरांभोवतीच्या असतात. लोणीसारख्या गावाहून नियमित येणारी यादी म्हणूनच जास्त मोलाची. मात्र संकेतस्थळावर टाकले म्हणजे कार्यालयाला कळविले, असे समजू नये.

*हरकतींची मुदत.* अभयारण्याभोवतीच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचना देण्यास ६० दिवस मिळतात. प्रकल्पाच्या जनसुनावणीची सूचना निदान ३० दिवस आधी निघते. इतक्या अवधीत नवी सामग्री जमत नाही. जी आधीच वहीत आहे तीच उपयोगी पडते. भीमाशंकरनजीकच्या पवनचक्की प्रकल्पाविषयी पश्चिम घाट परिस्थितिकी तज्ज्ञ गटाच्या २०११ च्या अहवालात असे नमूद आहे की, तेथील वन जैवविविधतेने संपन्न असून त्यात शेकरू आहे हे स्थानिक वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याने लिहून कळविले होते, तरीही वरिष्ठ स्तरावर प्रकल्पाला मान्यता मिळाली. एका अधिकाऱ्याचा शेरा बाजूस सारणे सोपे असते. तीच गोष्ट चार ग्रामसभांच्या ठरावांत, तारीखवार याद्यांसह नमूद असती, तर ती डावलताना कारणे लिहावी लागली असती, असे मला वाटते.

आपले हक्क आणि एक सावधगिरी

नोंद दिल्यावर पोच मागणे हा आपला हक्क आहे. तिचे पुढे काय झाले हे कळत नसेल, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली १० रुपयांचे शुल्क भरून अर्ज करावा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा व १५० शब्दांच्या आत असावा. उत्तरास ३० दिवसांची मुदत आहे, आणि ते न मिळाल्यास पुढील ३० दिवसांत पहिले अपील करता येते. छायाचित्रावरील आपला हक्क ते संकेतस्थळावर ठेवल्याने जात नाही. वापराची अट निवडण्याचा पर्याय तेथे असतो, तो वाचून निवडावा.

सावधगिरी पारंपरिक ज्ञानाविषयी. कोणती मुळी कोणत्या व्याधीवर, ती कशी काढावी, हे महादेव कोळी किंवा ठाकर समाजातील एखाद्या वृद्धेने आपल्याला विश्वासाने सांगितले असेल, तर ते तिच्या व ग्रामसभेच्या संमतीवाचून सार्वजनिक संचिकेत घालू नये. वनस्पतीचे नाव व आढळ उघड करता येतो; उपयोग व कृती मात्र जैवविविधता समितीच्या ताब्यातील नोंदवहीच्या बंद भागात राहू द्यावी आणि ती कोणी पाहिली याची नोंद ठेवण्याचा आग्रह धरावा.

वही कोणाकडे राहील

असे उपक्रम बहुधा एकाच उत्साही शिक्षकाच्या खांद्यावर असतात, आणि त्याची बदली झाली की वही त्याच्याबरोबर जाते. म्हणून प्रारंभीच दोन प्रती ठेवाव्यात, एक शाळेत व एक ग्रामपंचायतीत. पाने क्रमांकित असावीत. खाडाखोड झाल्यास मूळ मजकूर वाचता येईल अशी एक रेघ मारून सही करावी. आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मागील वर्षाचा गोषवारा वाचून तो इतिवृत्तात घ्यावा. इतिवृत्ताची नक्कल मागून घेऊन ती वहीच्या शेवटच्या पानाला जोडली की त्या वर्षाचे काम झाले.